जगदाळे सरांची मेलेली हळद

दहावीच्या वर्गात पाऊल टाकलं की जगदाळे सर हजेरीच्या आधी एका मुलाला पुढं बोलावत, त्याला तोंड मिटायला लावत आणि दोन बोटांनी त्याचं नाक दाबून धरत. मुलगा लाल व्हायला लागला की नाक सोडत आणि विचारत, "सांग, आत्ता तुझं काय बंद झालं होतं?" धापा टाकत मुलगा म्हणे, "श्वसन, सर." की बसलीच टपली. "श्वासोच्छ्वास बंद झाला होता, गाढवा! श्वसन पेशीत चालतं. तुमच्या सात पिढ्यांना हा फरक कळायचा नाही." वर्ग हसे, आणि सर त्या हसण्याला शिकवणं समजत. एकदा एका धीट मुलीनं विचारलं, "सर, नाक असंच धरून ठेवलं तर पेशीतलं श्वसन किती वेळ चालेल?" तिलाही टपली मिळाली. हा प्रश्न धड्याखालच्या स्वाध्यायात नव्हता.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा सर नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत होते. सांगली शहरातली मराठी माध्यमाची शाळा. संस्थेच्या शाखा सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेल्या. मी साताऱ्याकडच्या खंडाळ्याची, घरापासून इतकी लांब पहिल्यांदाच आलेली. विज्ञानाचे शिक्षक आम्ही दोघंच, त्यामुळं प्रयोगशाळेतल्या एका टेबलाच्या दोन बाजूंना मी आणि सर सहा वर्षं समोरासमोर बसलो. एवढ्या जवळून एखाद्या माणसाकडं पाहिलं की त्याच्याबद्दल सहसा थोडी माया वाटायला लागते. मला नाही वाटली.

दिसायला माणूस टापटीप. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला निळं, काळं आणि लाल अशी तीन पेनं, काळेभोर रंगवलेले केस. बोलणं एकदम छापील. मूळ गाव फलटणजवळचं, पण ते कुणाला सांगत नसत. कुणी विचारलंच तर "मी पुण्याकडचा" म्हणत. फलटणहून पुण्याकडं रस्ता जातो, एवढाच त्याला आधार. आमचे शिपाई बाजीराव, ज्यांना सगळी शाळा मामा म्हणायची, ते "सर, खडू हाय की" असं म्हणाले, तर सर दरवेळी तोच विनोद करत, "हाय काय रे? इंग्रजीत नमस्कार करतोस काय मला?" बाजीराव दरवेळी हसत. वीस वर्षं एकाच विनोदाला हसणारा माणूस एक तर मूर्ख असतो किंवा फार चांगला असतो. बाजीराव मूर्ख नव्हते.

श्वसनाचा धडा सरांचा लाडका. तो ते मला कधी घेऊ देत नसत. "माझा धडा" म्हणत, वडिलोपार्जित जमीन असावी तसा. डोळे मिटून एका दमात म्हणत, "पेशीद्रव्यात ग्लुकोजचं विघटन, मग तंतुकणिकेत क्रेब चक्र, ऑक्सिजन असेल तर एका ग्लुकोजमागे ऊर्जेचे अडतीस एटीपी रेणू, नसेल तर दोन." मी एकदा भीत भीत म्हटलं, "सर, आता नवीन पुस्तकांत अडतीसपेक्षा कमी देतात. तीस-बत्तीस." त्यांनी डोळे उघडले. "बोर्ड काय म्हणतं?" "अडतीस." "मग पेशीसुद्धा अडतीसच तयार करील."

प्रयोगांचा त्यांना मनापासून तिटकारा. मी एकदा बाटलीत मोड आलेली मटकी भरली, बुचातून नळी काढून चुन्याच्या निवळीत सोडली आणि खिडकीत ठेवून दिली. मटकीनं सोडलेल्या वायूनं निवळी दुधाळ होते, एवढंच मुलांना दाखवायचं होतं. दुसऱ्या दिवशी बाटली धुऊन, पुसून कपाटात ठेवलेली होती. कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. "निकम बाई," ते म्हणाले, "प्रयोग करायचा नसतो, लिहायचा असतो. आकृतीला दोन मार्क, कृतीला दोन, निष्कर्षाला एक. मटकीला मार्क नाहीत."

त्यांचा वर्ग कधी नापास झाला नाही हे खरं. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं 'विनॉक्सिश्वसन' हा शब्द झोपेतही बिनचूक लिहायची, आणि इडलीचं पीठ का फुगतं असं विचारलं की आईला विचारून सांगतो म्हणायची.

निवृत्तीला दोन वर्षं उरली आणि सरांना पुरस्काराचं वेड लागलं. जिल्ह्यातलं एक मंडळ आदर्श विज्ञान शिक्षक निवडायचं. त्यासाठी फाईल द्यावी लागे, आणि फाईलमध्ये 'परिसरातून विज्ञान' असं एक सदर होतं. आयुष्यभर परिसराकडं पाठ करून उभा राहिलेला हा माणूस एका सोमवारी मला विचारतो, "बाई, आपल्या परिसरात काय आहे हो?"

मी पेवं सुचवली. हे माझं पाप. सांगलीला लागून नदीकाठच्या मातीत पूर्वापार हळदीची पेवं आहेत. पेव म्हणजे जमिनीत खणलेला रांजण म्हणा ना. वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड, आत दोन-तीन पुरुष, म्हणजे दोन-तीन माणसांच्या उंचीएवढं, खोल आणि खोलीएवढं रुंद. तळाला आणि कडेला उसाचं पाचट लावायचं, वाळवलेली हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. पुरानं बरीच पेवं खचली. तरी काही अजून वापरात होती. माझ्या मनात होतं की मुलांनी नुसती बघावीत, कल्लाप्पाण्णांसारख्या माणसाशी बोलावं.

कल्लाप्पाण्णा म्हणजे त्या पेवांचे राखणदार. सत्तरीचा माणूस, अंगानं वाळलेला, आवाज मात्र खणखणीत. आम्ही चाळीस मुलं घेऊन पोचलो तेव्हा ते एका पेवाच्या तोंडावरची माती बाजूला करत होते. अर्धं पेव आठवड्यापूर्वी उपसलं होतं आणि वळीव आला म्हणून परत झाकून टाकलं होतं. आमच्यादेखत त्यांनी कंदील लावला, दोरीनं आत सोडला. दीड पुरुष खाली गेल्यावर ज्योत बारीक झाली आणि विझली.

"आज न्हाई उतरायचं, मास्तर," अण्णा म्हणाले. "पेवाचं तोंड दिवसभर उघडं ऱ्हाऊ दे. उद्या परत कंदील सोडतो. त्यो जळला तर माणूस जळंल, म्हंजे जगंल."

मुलं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी सोबत आणलेला फोटोग्राफर आजच्या दिवसापुरताच ठरवलेला होता. त्यांना फाईलसाठी पेवात उतरलेला माणूस आणि त्याच्या हातात हळद असा फोटो हवा होता. त्यांनी शर्ट सारखा केला आणि मुलांकडं वळून धडाच सुरू केला. "मुलांनो, इथे विज्ञान आणि अडाणीपणा यांतला फरक लक्षात घ्या. हळद पेवात भरण्यापूर्वी उकडतात. उकडली म्हणजे पेशी मेली. पेशी मेली म्हणजे श्वसन बंद. श्वसन बंद, तर ऑक्सिजन वापरणार कोण? कार्बन डायऑक्साइड सोडणार कोण? ही मेलेली हळद आहे. कंदील विझला, कारण या गृहस्थांच्या कंदिलात तेल नाही."

अण्णांनी कंदील त्यांच्या कानाशी नेऊन हलवला. आत तेल डचमळलं. सरांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

मी काय केलं ते सांगायला हवं. काहीच केलं नाही. सरांच्या बोलण्यात कुठंतरी खोट आहे एवढं मला जाणवत होतं, पण नेमकी कुठं ते त्या क्षणी सापडेना. सहा वर्षं त्यांच्यासमोर बसून माझ्याही डोक्यात तसलीच पुस्तकी वाक्यं एकापुढं एक उभी राहिली होती. माझ्याकडं उत्तर नव्हतं म्हणून मी गप्प बसले. थांबा म्हणायला उत्तराची गरज नसते, हे मला नंतर कळलं.

"बाजीराव, उतर," सर म्हणाले.

"सरांनी सांगितलं म्हंजे उतरतो की," बाजीराव म्हणाले आणि चपला काढून ठेवल्या.

अण्णा आडवे आले. सरांनी पेवाच्या मालकाला फोन लावून तो अण्णांच्या हातात दिला. मालक पलीकडून काय बोलला कुणास ठाऊक, पण अण्णांचा चेहरा पडला. त्यांनी एक मात्र केलं. "दोरी बांधल्याबिगर माज्या पेवात कोण जायचं न्हाई," म्हणत त्यांनी बाजीरावांच्या छातीभोवती, काखेतून दोरी घालून गाठ मारली आणि दुसरं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळलं. सर म्हणाले, "फोटोत दोरी दिसता कामा नये."

बाजीराव उतरले. हळदीच्या ढिगावर त्यांचे पाय टेकले, वाकून त्यांनी मूठभर हळकुंडं घेतली. मग "सर, डोस्कं..." एवढाच आवाज आला आणि ते ढिगावर बसले. बसल्या बसल्या कलंडले.

पेवाच्या तोंडाशी वाकून सर ओरडले, "ए, झोपतोस काय? वर बघ! फोटो काढायचाय!"

हे वाक्य मी विसरू शकलेली नाही. सरांचं पुढचं-मागचं सगळं मी एखाद्या वेळी माफ करीन, हे करणार नाही.

अण्णांनी दोरीला हिसका दिला आणि ओरडले. आमचा एक दहावीतला दांडगा मुलगा आत उडी घ्यायला धावला, तर अण्णांनी त्याला एका हातानं मागं ढकललं. "एकाचं दोन करू नगा! वरनंच वढा!" पाच-सहा जण दोरीला लागले. आणि तेव्हा जगदाळे सरांच्या तोंडून, ज्या तोंडानं आयुष्यात कधी अशुद्ध शब्द काढला नव्हता, त्या तोंडून आवाज आला, "वढा रं! आरं वढा की! मेला त्यो, वढा!" त्यांचं खरं गाव मला त्या दिवशी समजलं. पण दोरीला त्यांनी हात लावला नाही.

बाजीराव वर आले ते निळे पडून. ओठ जांभळे, छाती हलत नव्हती. बी.एड.च्या वेळी प्रथमोपचाराचं शिबिर केलं होतं, तेवढ्या भांडवलावर मी त्यांचं नाक दाबून तोंडात श्वास भरायला लागले. आपण सोडलेल्या श्वासातही बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. तोच त्यांना पुरवायचा होता. किती वेळ भरत होते ते आठवत नाही. अण्णा त्यांच्या तळपायांवर थापा मारत बाजूला बसले होते. एकदाची बाजीरावांची छाती आपली आपण उचलली गेली. फोटोग्राफर तेवढ्यात म्हणाला, "सर, उतरतानाचा फोटो मात्र झकास आलाय."

दवाखान्यात बाजीराव आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत सरांनी काय केलं? भेटायला गेले नाहीत. लिहायला बसले. 'शिपाई बाजीराव यांचा शनिवारचा उपवास असल्याने त्यांना अशक्तपणामुळे भोवळ आली. सदर घटनेचा क्षेत्रभेटीशी संबंध नाही.' खाली सह्यांसाठी रेघा आखलेल्या. त्यांनी निळं पेन माझ्यापुढं केलं. "बाई, शाळेचं नाव आहे. मुलांना पुन्हा कुठे नेता येणार नाही. सही करा." मी केली. त्या माणसाची मला किळस येते असं मी इतक्या सहज लिहिते आहे, तर त्या कागदावरची माझी सहीही इथं लिहिलेली बरी.

बाजीराव परत कामावर आले आणि पहिल्याच दिवशी दुसऱ्या तासाला मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं डबे घेऊन बाहेर पळाली. दुसऱ्या दिवशी घंटा झालीच नाही. बाजीराव घंटेचा हातोडा हातात घेऊन उभे होते, कितवा तास ते आठवत नव्हतं. वीस वर्षांच्या ओळखीच्या शिक्षकांना ते "तुमी कोणाकडं आलायसा?" विचारायला लागले. जुनं सगळं पाठ होतं, लहानपणीच्या गुरांची नावंसुद्धा. सकाळचं दुपारी उरत नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत विषय निघाला तेव्हा सर चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "मेंदू होता कुठे, तेव्हा जाईल?" दोघं-तिघं हसले. बिस्कीट मोडून चहात पडलं, तर सरांना त्याचंच दुःख झालं.

पण एका दुपारी प्रयोगशाळेत आम्ही दोघंच असताना त्यांनी वहीतून डोकं वर काढलं आणि मला विचारलं, "बाई, हळद तर मेलेली होती. मग पेवात श्वसन कोण करत होतं?"

सहा वर्षांत त्यांनी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मला वाटलं, आत कुठंतरी एक विद्यार्थी जिवंत आहे. मधल्या दिवसांत मी वाचलं होतं, अण्णांना जाऊन भेटले होते, सगळं मला मांडता आलं. हळद मेलेली असते, पण पेव मेलेलं नसतं. पाचट ओलं होतं, त्यावर बुरशी चढते. हळकुंडांत किडे असतात. मातीच्या प्रत्येक कणावर जिवाणू असतात. हे सगळे साखर, पिष्ट मोडून जगतात, ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो हवेपेक्षा जड, बंद पेवात खालीच साठतो. आणि ऑक्सिजन संपला तरी काही जिवाणूंचं अडत नाही. ते त्याच्याशिवायही कसंबसं भागवतात आणि आणखी वायू सोडत राहतात. सर ऐकत होते. मधे मधे लाल पेनानं लिहून घेत होते.

महिन्याभरानं फाईल मंडळाकडं गेली. त्यात एक नवा विभाग होता, 'पेवातील श्वसन : एक कृतिसंशोधन. संशोधक : श्री. जगदाळे.' माझीच वाक्यं, फक्त शुद्ध करून घेतलेली. मुखपृष्ठावर बाजीरावांचा पेवात उतरतानाचा फोटो, खाली ओळ, 'स्वयंस्फूर्तीने निरीक्षण करताना शालेय कर्मचारी.' दोरी दिसत नव्हती.

त्याच सुमारास एका दुपारी बाजीराव माझ्याकडं आले. सोबत बायको, सुमनताई. बाजीराव म्हणाले, "बाई, मला नेमकं झालं काय, त्ये सांगा. समदी म्हणत्यात उपासानं भोवळ आली. ही म्हणती, मी त्या दिशी दोन भाकरी खाऊन गेलो व्हतो."

"तीन," सुमनताई म्हणाल्या.

मी त्यांना प्रयोगशाळेत बसवलं. तंतुकणिका आणि क्रेब चक्र बाजूला ठेवलं. "मामा, आपलं अंग लहान लहान पेशींचं बनलंय. भाकरी खाल्ली की तिची साखर होऊन प्रत्येक पेशीपर्यंत जाते. त्या साखरेतून ताकद काढायला हवेतला प्राणवायू लागतो. तो असला तर साखर पार शेवटपर्यंत मोडते आणि भरपूर ताकद निघते. तो नसला तर साखर अर्धवटच मोडते, ताकद अगदी थोडी निघते. तुम्ही गाडी पकडायला जीव खाऊन पळालात, तर पायांचे स्नायू तेवढ्या थोड्यावर जरा वेळ भागवतात. मेंदूला ते जमत नाही. त्याचा खर्च मोठा आणि घरात साठा काही नाही. दोन-चार मिनिटं प्राणवायू मिळाला नाही तरी त्याच्या काही पेशी मरतात. तुमच्या आठवणीच्या पेशी त्यात गेल्या."

"आन् पेवात प्राणवायू का न्हवता?"

"तुमच्या आधी तिथं बुरशी होती, किडे होते, जिवाणू होते. त्यांनी वापरून टाकला."

बाजीरावांनी विचार केला. "म्हंजे मी खाली गेलो तवा पंगत उठलेली व्हती म्हणा की."

मी पुस्तकं वाचून, परीक्षा देऊन शिक्षिका झाले. असं वाक्य मला कधी सुचलं नाही, आणि जगदाळे सरांना तर ते ऐकूही आलं नसतं.

"बाई, ह्ये मला लिवून द्या," बाजीराव म्हणाले. "उद्या माझ्या ध्येनात ऱ्हायचं न्हाई." मी दोनशे पानी वही घेतली आणि मोठ्या अक्षरांत सगळं लिहून दिलं. पेशी, साखर, प्राणवायू, पेव, कंदील. कुणी उतरायला सांगितलं तेही लिहिलं. आठवडाभर रोज थोडं थोडं लिहीत होते. सुमनताईंनी वहीला कापडाची पिशवी शिवली आणि ती बाजीरावांच्या खांद्याला अडकवली. फाटकाशी स्टुलावर बसून ते ती वही रोज नव्यानं वाचत आणि रोज नव्यानं चकित होत.

मग संस्थेचं पत्र आलं. बाजीराव काम करण्यास असमर्थ, सबब त्यांना सेवेतून कमी करण्यात यावं. कामावर असताना अपघात झाला असता तर हलकं काम देणं संस्थेला भाग होतं. पण कागदोपत्री उपवासानं भोवळ आली होती, आणि त्या कागदावर माझी सही होती. मी मुख्याध्यापकांना सांगितलं की मला जबाब बदलायचा आहे.

संध्याकाळी सर माझ्या खोलीवर आले. पहिल्यांदाच. हातात पेढ्यांचा पुडा. पुरस्कार जाहीर व्हायला चार दिवस होते.

"बाई, तुम्ही मला मुलीसारख्या," त्यांनी सुरुवात केली. पुडा माझ्या हातात ठेवला. "मी त्याला ढकललं नव्हतं."

"नाही. उतरवलंत."

"मला माहीत नव्हतं हो."

"कल्लाप्पाण्णांनी सांगितलं होतं. कंदील दाखवला होता."

"तो अडाणी माणूस!" ते एकदम चिडून म्हणाले. "त्याला कारण सांगता आलं का? नुसतं विझलं म्हणाला. कारण सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं."

ते खोटं बोलत नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पुढ्यात विझलेला कंदील त्यांना पुरेसा नव्हता. तो वाक्यात बसवून, निष्कर्षाला एक मार्क देऊन कुणी आणला असता तर त्यांनी मानला असता. एका माणसाचा जीव जात होता तेव्हा ते व्याख्या तपासत होते. मला त्यांची कीव यायला हवी होती. दार उघडं करून मी पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात परत दिला.

मी जबाब दिला. अण्णांनीही सांगलीत येऊन अंगठा उठवला. संस्थेनं कुरकुरत बाजीरावांना फाटकावर बसण्याचं काम दिलं आणि घंटेचं काम दुसऱ्याकडं सोपवलं. जगदाळे सरांना पुरस्कार मिळालाच. मंडळानं फाईल पाहिली होती, जबाब नव्हे. शाल, नारळ, भाषण सगळं झालं. भाषणात सर म्हणाले, "विज्ञान वर्गाबाहेर आहे." टाळ्या पडल्या. मला पुढच्या महिन्यात लोणंदच्या शाखेत बदलीचं पत्र आलं. ती कुणी करवली हे मी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी मी टेबलाचा खण रिकामा करत होते. सर समोरच बसले होते. घसा खाकरून म्हणाले, "बाई, झालं गेलं सोडा. तुमची ती पेवाची टिपणं असतील ना? तेवढी ठेवून जा. राज्यस्तरावर पाठवायचं म्हणतोय. काही भाग मला नीटसा..." आणि थांबले. 'कळला नाही' हा शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर येईना.

मला राग यायचाही बंद झाला होता. मी म्हटलं, "सर, टिपणं बाजीरावांच्या पिशवीत आहेत. मागून घ्या."

ते उठले, शर्ट सारखा केला आणि खरंच निघाले. मी खिडकीशी उभी राहिले. मैदान ओलांडून ते फाटकापाशी पोचले. त्यांना बघताच बाजीराव उठले, स्टूल गमछ्यानं पुसलं आणि बसा म्हणाले. सर बसले नाहीत. बाजीरावांच्या पिशवीतून वहीचं टोक बाहेर आलेलं होतं, सरांच्या हाताच्या अंतरावर. बाजीराव हात जोडून काहीतरी विचारत होते. काय पाहिजे, असं असेल. सरांनी वहीकडं पाहिलं. मग मान हलवून परत फिरले आणि माझ्या दारावरून, आत न बघता, सरळ वर्गाकडं गेले.

त्यांना लाज वाटली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिपायापुढं हात पसरणं त्यांना कमीपणाचं वाटलं असेल, एवढंच मी त्यांच्या बाजूनं धरते. राज्यस्तराचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही, आणि त्यांची माझी पुन्हा भेट झाली नाही.

लोणंदला थांबणारी गाडी दुपारची होती. बाजीरावांनी माझी बॅग उचलून रिक्षात ठेवली. मी लोणंदला चालले, आता इकडं येणं नाही, हे त्यांना सकाळपासून तीनदा सांगून झालं होतं, तीनही वेळा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रिक्षा सुरू झाली तसे ते वाकून आत बघत म्हणाले, "बाई, उद्या जरा लवकर या. तुमाला कायतरी दाखवायचं हाय."

"येते," मी म्हटलं.